पप्पांचा उजवा हात

गिऱ्हाईकाने हात वर केला तो फळीवर ठेवलेलं स्वतःचं हेल्मेट घ्यायला. एवढंच झालं. संदेश दुरुस्तीच्या दुकानात काउंटरमागे स्टुलावर बसून इन्व्हर्टर उघडून त्याच्या बोर्डवर कथिलाचा टाका मारत होता, आणि डोक्यावरून एक हात झपकन वर जाताना त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. त्याचं कोपर आपोआप चेहऱ्यासमोर आलं, डोळे गच्च मिटले, मान खांद्यात गेली. सोल्डरिंगची तापलेली सळई मांडीवर पडली. जीन्सला गोल भोक पडलं, आत कातडी चरचरली, तरी तो क्षणभर तसाच आडवं कोपर धरून बसून राहिला, फटक्याची वाट बघत. "अरे, मारतोय का मी तुला?" गिऱ्हाईक हसत म्हणाला. मालक गोपीनाथशेठ गल्ल्यावरून म्हणाले, "काय रे संदेश, झोप झाली नाही वाटतं." तो म्हणाला, "हो ना, जागरण झालेलं." जागरण वगैरे काही झालेलं नव्हतं. त्याने सळई उचलली, स्टँडला लावली आणि मांडीवर ओलं फडकं धरलं. आपण सव्वीस वर्षांचे आहोत, हे त्याला त्या वेळी फार स्पष्टपणे आठवलं, कुणीतरी ओरडून सांगावं तसं. ज्या माणसाच्या हाताला तो इतका घाबरायचा त्या माणसाचा हात गेले एकोणीस महिने उशीवर पडून होता. त्या हाताला स्वतःच्या नाकावरची माशी हाकलता येत नव्हती. डोक्याला हे ठाऊक होतं. कोपराला अजून कुणी कळवलं नव्हतं.

गुरुवार होता. रविवारी दुकान उघडं असायचं म्हणून गुरुवारी दुपारी त्याला सुट्टी मिळायची. विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावरून उतरून तो वालधुनीच्या कडेकडेने घराकडे निघाला. नाल्याचा वास उन्हाने वर आला होता. भाजलेल्या जागी जीन्स घासत होती आणि प्रत्येक पावलाला तो हातांचाच विचार करत होता. पप्पांचे हात. दौलत पवार डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत सव्वीस वर्षं टर्नर होते. लेथवर लोखंड फिरायला लागलं की ते मोजपट्टीशिवाय, नुसतं अंगठ्याने चाचपून, केसाइतका फरक सांगायचे. लहानपणी एकदा आईने डबा पोचवायला पाठवलं होतं तेव्हा संदेशने ते पाहिलेलं. पप्पा मशीनवर वाकलेले, समोरून निळसर लोखंडाची लांब वेटोळी निघत होती, आणि त्यांचा उजवा हात चाकावर इतका हळू होता की जणू तान्ह्या बाळाला आंघोळ घालतायत. तोच हात घरी यायचा. संध्याकाळी दारातून आत येताना तो हात आधी कडीला लागायचा, आणि कडीच्या आवाजावरून आई, तो आणि धाकटी समीक्षा तिघांनाही कळायचं की आज काय होणार. कधी वरण पातळ असायचं. कधी शेजारच्या बाईशी आई जास्त हसलेली असायची. कधी काहीच नसायचं. पप्पा दारू पीत नव्हते, हे चाळीत सगळे कौतुकाने सांगायचे. म्हणजे जे व्हायचं ते शुद्धीत व्हायचं.

संदेश सहावीत असताना आईचा डावा कान गेला. त्याने तो जाताना पाहिला. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, पप्पांनी मागून सपकन उघडा पंजा मारला, आणि आई एका बाजूला कलली, पडली नाही. तिने ओटा धरला. कानातून दोऱ्यासारखं बारीक रक्त निघून मंगळसूत्रापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना सांगत होती, "आंघोळीचं पाणी गेलंय कानात." तेव्हापासून तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागतं. संदेश चौदा वर्षांचा झाल्यावर त्याने पहिलं खरं यंत्र केलं ते त्या कानासाठी. त्याच्या आधी त्याने खूप काय काय उघडून बंद केलेलं. उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडे जुने बोर्ड किलोवर मिळायचे. तो शाळा सुटली की तिथल्या ढिगाऱ्यात बसायचा, हिंदी व्हिडिओ बघून एकेक पार्ट ओळखायचा. नंतर बारावीला फिजिक्समध्येच नापास झाला. कॉलेज सुटलं, हे सुटलं नाही. बिल्डिंगची पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा, कुकरच्या शिट्ट्या मोजणारी डबी, असलं पुढे बरंच केलं, आणि लोक त्याला चेष्टेने सायंटिस्ट म्हणायला लागले. पण कानाचं ते पहिलं. फुटक्या मोबाईलमधला माइक, इअरफोनचं एक बोंडूक, दोन सेल, सगळं एका साबणाच्या डबीत बसवलेलं. आईने ते डाव्या कानात घातलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "एवढा आवाज असतो होय घरात." ती हसली. कानाला पूर्ण बरं ते कधीच करणार नव्हतं, पण काहीतरी आत पोचत होतं. तीन दिवस तिने ते घातलं.

चौथ्या दिवशी पप्पांनी हाक मारली तेव्हा नेमकी त्या यंत्राला शिट्टी लागली होती, आणि आईला हाक ऐकूच गेली नाही. पप्पांनी ती डबी काढून उंबऱ्यावर ठेवली. ओरडले नाहीत. स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला आणि संदेशच्या हातात दिला. "फोड. तू केलंस ना? तुझ्या हाताने फोड." तो उभा राहिला. "मान वर कर. वर कर म्हणतो ना." त्याने मान वर केली, पण बत्ता उचलला नाही. तेव्हा पप्पांनी बत्ता परत घेतला, त्याचा डावा हात धरून डबीवर ठेवला आणि वरून मारला. डबी आणि दोन बोटं एकदमच फुटली. ती बोटं अजून वाकडी आहेत. बारीक स्क्रू पकडताना ती एकमेकांवर चढतात. पण संदेशला त्याहून वाईट आठवायचं ते पुढचं. पप्पांनीच त्याला पाठुंगळी घेऊन हाडवैद्याकडे नेलं. तो वैद्य बोटं ओढत असताना पप्पांनी त्याचं डोकं स्वतःच्या पोटाशी दाबून धरलं. येताना उसाचा रस पाजला, आणि बाकावर शेजारी बसून खाली बघत विचारलं, "त्यात करंट किती असतो रे?" त्याने सांगितलं, तीन व्होल्ट. "एवढ्यात होतं?" पप्पा म्हणाले, आणि त्या आवाजात खरंखुरं नवल होतं. एका कारागिराचं दुसऱ्याबद्दलचं. संदेशला तो रस गोड लागला होता. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

एकोणीस महिन्यांपूर्वी पप्पा मशीनवरच कोसळले. डोक्यात रक्ताची गुठळी. जगले, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलेलीच राहिली, आणि कोपरापासून पुढे सगळं लुळं. उल्हासनगरच्या एका केंद्रात व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा न्यायचं ठरलं. तिथे अंतरा नावाची फिजिओथेरपिस्ट होती. संदेशच्याच वयाची, फार न बोलणारी. तिने एकदा सांगितलं की मेंदू हाताला अजून निरोप पाठवतो, पण तो फार क्षीण पोचतो. ज्या क्षणी माणूस हात उचलायचा प्रयत्न करतो त्याच क्षणी बाहेरून थोडा करंट देऊन हात उचलून दिला, तर मेंदूला हळूहळू वाट सापडू शकते. अशी मशीन असतात, आपल्याकडे नाही. संदेश म्हणाला, "मी करून बघू, मॅडम?" त्याला आठ महिने लागले. दंडावर चार चिकटपट्ट्या. त्यातल्या दोन निरोप ऐकायच्या, दोन करंट द्यायच्या. निरोपाचा जोर दाखवायला दहा लाल दिव्यांची रांग. पप्पांनी प्रयत्न केला की एक, दोन, तीन दिवे लागायचे, आणि तिसरा दिवा लागला की यंत्र स्वतःहून झटका द्यायचं आणि हात कोपरात वाकून वर यायचा. त्याने ते आधी स्वतःवर लावून पाहिलं होतं. करंट कमी-जास्त करायच्या खटक्यावर चार या आकड्यापाशी लाल रंगाची रेघ ओढली होती, कारण सहावर तो स्वतः कळवळला होता. अंतराने दोन आठवडे केंद्रात स्वतः बसून यंत्र तपासलं आणि घरी वापरायला परवानगी दिली, दोन अटींवर. रेघेच्या पुढे जायचं नाही. आणि हात उचलला जाणार असेल तेव्हा समोर कुणी नको.

चाळीतल्या बायका आईला म्हणायच्या, पोरगा असावा तर असा. हे ऐकलं की संदेशचं तोंड कडू व्हायचं. रात्रंदिवस त्या हातासाठी खपताना आपल्याला काय हवं होतं, हे तो स्वतःला विचारत नसे, पण पुलावरून उतरताना, गर्दीत कुणाचा धक्का लागला की, उत्तर आपोआप वर यायचं. त्याला तो हात बरा व्हायला हवा होता, कारण लुळ्या माणसाला मारता येत नाही. तो वीस वर्षांचा झाला, बावीसचा झाला, दंड पिळदार झाले, आणि एक दिवस पप्पांचा हात वरच्यावर पकडायचा असं त्याने ठरवलं होतं. मनगट कसं पिरगळायचं, कुठे ढकलायचं, सगळं अंगात तयार होतं. तो दिवस यायच्या आधीच हात मेला. हे काहीतरी फसवल्यासारखं होतं. पप्पा त्याच्या तावडीतून सुटून त्या खुर्चीत जाऊन बसले होते, आणि वर त्यांना मऊ भात भरवावा लागत होता.

घरी पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते. पाणी उशिरा आलं म्हणून आईचा स्वयंपाक मागे पडला होता. पप्पा हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. पुढ्यात फळी, फळीवर उशी, उशीवर उजवा हात, मूठ वळलेली. संदेशने हात धुतले, त्यांच्या दंडावर पट्ट्या चिकटवल्या, वायरी जोडल्या. "पप्पा, उचला." दोन दिवे लागले. "अजून. उचला." दोन. तिसरा लुकलुकला आणि विझला. पप्पांच्या कपाळावर घाम आला होता, डावा डोळा बारीक झाला होता. पंधरा-वीस मिनिटं हेच चाललं. तिसरा दिवा चारदा लागला आणि चारही वेळा हात यंत्राच्या जोरावर वर येऊन परत उशीवर पडला. आई ताटली घेऊन आली. "वरण आत्ताच उतरवलंय. आधी दोन घास जाऊ दे, मग करा तुमचं." ती नेहमीसारखी खुर्चीच्या पुढ्यात स्टूल घेऊन बसली. यंत्र बंद करायला हवं होतं. बटण संदेशच्या अंगठ्यापासून वीतभर लांब होतं. तो दिव्यांकडे बघत राहिला. नंतर त्याने हा क्षण शेकडो वेळा उलटसुलट केला, बोर्ड उघडून लूज कॉन्टॅक्ट शोधावा तसा. विसरलो की बंद केलं नाही? त्याला ते कधीच सापडलं नाही.

आईने चमचा पुढे केला. पप्पांनी मान किंचित हलवली, चमचा कलंडला, गरम वरण त्यांच्या गळ्यावरून बनियनमध्ये गेलं. आणि दिवे लागले. एक दोन तीन असे नाही, एकदम नऊ. संदेशने नऊ दिवे कधीच पाहिले नव्हते. हात उशीवरून सुटला. वळलेली मूठ अर्धं वर्तुळ काढत वर आली आणि पुढे वाकलेल्या आईच्या तोंडावर बसली. तो आवाज त्याने ओळखला. ओल्या कपड्यावर लाकडी धोपटणं पडावं तसा. इतक्या महिन्यांनी घरात तो आवाज पुन्हा आला, आणि तो संदेशने स्वतःच्या हाताने, आठ महिने खपून, पुन्हा आणला होता. ताटली पडली. आईचा खालचा ओठ दातावर फाटला, रक्त हनुवटीवरून टपटप मांडीवर पडायला लागलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पदर तोंडाला लावून तिने तेच म्हटलं जे ती तीस वर्षं म्हणत आली होती. "काही नाही. काही नाही झालं."

ते शब्द ऐकल्यावर त्याच्या कानात लेथ सुरू झाल्यासारखी घरघर सुरू झाली. त्याने यंत्र आपोआपवरून काढून हातावर घेतलं, म्हणजे आता झटका दिव्यांनी नाही, त्याच्या बटणावर सुटणार होता. खटका चारच्या रेघेवरून पुढे नेला. पाच. सहा. सात. पप्पांचं मनगट धरून कोपर जरा आत वळवलं, मूठ त्यांच्याच तोंडासमोर येईल असं. हे सगळं त्याने शांतपणे, कामाच्या पद्धतीने केलं. मग बटण दाबलं. मूठ जाऊन पप्पांच्या ओठांवर आदळली. बटण सोडलं, हात पडला. दाबलं. या वेळी नाकावर. दाबलं. दंडाचा स्नायू कातडीखाली बेडकासारखा उडत होता. पप्पांच्या नाकातून रक्त आलं, घशातून गुरासारखा जाड आवाज यायला लागला. ते डाव्या हाताने वायरी चाचपत होते, पण संदेशने तो हात आपल्या गुडघ्याखाली दाबून धरला होता. मान बाजूला वळत होती. "मान वर कर," कुणीतरी म्हणालं. "वर कर म्हणतो ना." बोलणारा आपणच आहोत हे त्याला कळलं, आणि कळल्यावरही तो थांबला नाही. दाबलं. सोडलं. दाबलं. त्यात एक लय होती. बरं वाटत होतं. हे खोटं कशाला बोलायचं. आयुष्यात त्याला इतकं मोकळं, इतकं स्वच्छ कधी वाटलं नव्हतं, सगळ्या वायरी जिथल्या तिथे जुळल्यासारखं. आई त्याच्या नावाने हाका मारत होती, त्या हाका भिंतीपलीकडून आल्यासारख्या येत होत्या. मग तिने पप्पांची मूठ दोन्ही हातांनी पकडली. त्याने त्याच वेळी बटण दाबलं. पप्पांचा हात तिला घेऊनच उसळला आणि ती फळीवर आदळून खाली बसली. तरी तिने मूठ सोडली नाही. एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तिने चारही पट्ट्या कातडीसकट ओरबाडाव्या तशा ओढून काढल्या.

"बस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बस झालं, संदेश."

शेजारी कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता. आई उठली, फडकं ओलं करून आणलं, आणि आधी पप्पांचं तोंड पुसलं. नाक, ओठ, गळ्यावरचं वरण. गळ्याखाली रुपयाएवढा लालभडक डाग उठला होता. फोड धरायला लागला होता. तिचं स्वतःचं रक्त अजून टपकत होतं. पप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते संदेशकडे बघत नव्हते. ते खाली, स्वतःच्या उजव्या मुठीकडे बघत होते, ती कुणा दुसऱ्याची असल्यासारखी. संदेशच्या मांडीवरची भाजलेली जागा तेव्हा परत दुखायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात न जाता यंत्र पिशवीत घालून अंतराकडे गेला. पेशंट यायला अवकाश होता. ती रबरी चेंडू पुसून टोपलीत ठेवत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, खटका सातवर नेल्याचंही सांगितलं. फक्त बरं वाटल्याचं सांगितलं नाही. तिने हातातला चेंडू टोपलीत टाकला.

"काका आत्ता कसे आहेत?"

"नाक सुजलंय. ओठ फाटलाय. दंडावर काळंनिळं."

"डॉक्टरांकडे नेलंस?"

"काल संध्याकाळीच. पडले म्हणून सांगितलं."

"आणि काकूंना?"

"दोन टाके. ती पण पडली म्हणाली."

अंतराने टोपली खाली ठेवली. "मला आता हे वर कळवावं लागेल, संदेश. आणि काकांना मी घरी येऊन बघणार. तू मधे नको येऊस."

"कळवा," तो म्हणाला. मग ज्यासाठी तो खरं तर आला होता ते विचारलं. "मॅडम, नऊ दिवे लागले. मी उचला म्हणतो तेव्हा तीन पण लागत नाहीत. आईला मारायचं म्हटल्यावर नऊ. म्हणजे त्यांच्यात तेवढं अजून आहे ना? मारायचं होतं ना त्यांना?"

तिने विचारलं, "गळ्यावर काय सांडलं म्हणालास?"

"वरण."

"गरम?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"चटका बसला की अंग झटका मारतं," ती म्हणाली. "लुळा स्नायू तर जास्तच मारतो, त्याला आवरणारं कोणी नसतं. त्यालाही नऊ दिवे लागतात. आणि समजा मारायचं असलं, तरी नऊच लागतात. तुझं मशीन स्नायू ऐकतं. मनात काय होतं ते त्याला नाही कळत. मलाही नाही कळणार."

परतताना त्याने पूल ओलांडला तेव्हा पिशवी फार जड वाटत होती. नऊ दिवे डोळ्यांपुढून जात नव्हते. मारायचं होतं. चटका बसला होता. दोन्ही शक्यता तो समोरासमोर ठेवून बघत होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की पप्पांना खरंच मारायचं होतं असं निघावं म्हणून तो मनातल्या मनात प्रार्थना करतोय. पप्पांना हो आणि नाही करता यायचं. डाव्या हाताने एकदा बोट दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. विचारून टाकू, घरी गेल्या गेल्या विचारू, असं म्हणत तो जिना चढला.

आई पलंगावर पिशवी भरत होती. दोन साड्या, गोळ्यांची पट्टी, चष्म्याची डबी. ओठ सुजून वर आला होता त्यामुळे तिचं बोलणं जड येत होतं. संदेश तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"कुठे निघालीस?"

"समीक्षाकडे. टिटवाळ्याला."

"किती दिवस?"

तिने गोळ्यांची पट्टी पिशवीच्या कप्प्यात सरकवली. पप्पा खुर्चीत डोळे मिटून होते, झोपलेत की नाही कळत नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला, "थांब जरा. मी त्यांना विचारतो. त्यांना तुला मारायचंच होतं का, तेवढं विचारतो."

"नको विचारूस."

"का?"

"हो म्हणाले तर काय करशील?"

त्याने यंत्राची पिशवी खाली ठेवली.

"आणि नाही म्हणाले तर?" तिने पिशवीची चेन ओढली. ती मधेच अडकली, तिने मागे घेऊन पुन्हा ओढली. "ह्यांचं मला ठाऊक होतं, संदेश. तीस वर्षं ठाऊक होतं. दारात पाऊल पडलं की कळायचं. तुझं नव्हतं ठाऊक मला. काल तुझं तोंड बघितलं मी. तू त्यांच्याकडे बघत होतास, मी तुझ्याकडे बघत होते."

"आई, मी तुझ्यासाठी—"

"माझ्यासाठी नको." ती एवढंच म्हणाली. मग पप्पांजवळ जाऊन त्यांच्या गळ्यावरच्या फोडाला मलम लावलं, उशी नीट केली, आणि त्यांच्या कानाशी वाकून, नुसती माहिती द्यावी तसं म्हणाली, "मी जाते. पोरगा बघेल." पप्पांनी डोळे उघडले. डावा हात तिच्या पदराकडे गेला, पोचला नाही. ती तोवर चपला घालत होती. तीस वर्षांत ती एकटी स्टेशनवर गेल्याचं संदेशला आठवत नव्हतं. तो पिशवी घ्यायला पुढे झाला तर तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

त्याच संध्याकाळी अंतरा आली, पप्पांना तपासून, काही लिहून घेऊन गेली. जाताना यंत्रही तिने केंद्रात ठेवायला नेलं. केंद्राच्या मोठ्या मॅडमनी फोन करून सांगितलं की यापुढे व्यायामाला पप्पांना केंद्राचा माणूस नेईल-आणेल, संदेशने आत यायचं नाही. तो बरं म्हणाला. दुकानातून त्याने आठवड्याची रजा घेतली. सकाळी पप्पांना धुणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं आता त्याच्याकडे. त्या अंगाला त्याने आधी कधी असा हातच लावला नव्हता. छाती-पोटावर लेथवरून उडणाऱ्या लोखंडाच्या तापलेल्या किसाने भाजल्याचे बारीक बारीक जुने डाग होते, शेकड्यांनी. खांद्यापासून कमरेपर्यंत पसरलेले. ते त्याने पहिल्यांदा पाहिले. पप्पा त्याच्या हाताखाली ताठ पडून राहायचे, श्वास धरून, पाणी ओतून होईपर्यंत. जेवण मात्र त्यांनी त्याच्या हातून घेतलं नाही. चमचा जवळ आला की ओठ गच्च मिटायचे. पहिल्या दिवशी दोन्ही वेळा, दुसऱ्या दिवशी सकाळी. तो ताटली घेऊन बसायचा, ती गार व्हायची, तो उठायचा. चिडला नाही. चिडणं ज्या जागेतून येतं ती जागा खणून काढल्यासारखी रिकामी होती, आणि ती रिकामी आहे याचीच त्याला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मागे समीक्षाच्या पोरीचा रडण्याचा आवाज येत होता, आणि आई फोन उजव्या कानाला नीट धरण्यासाठी थांबली असावी.

"जेवले का?"

"जेवले."

"तू भरवलंस?"

"नाही. माझ्या हातून नाही खात. चमचा डाव्या हातात दिला त्यांच्या. निम्मं सांडलं. पण खाल्लं."

"बरं. आणि तू?"

"मी पण जेवलो." खोलीच्या दुसऱ्या टोकाला पप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. बनियनवर भाताची शितं चिकटली होती. संदेशने फोन दुसऱ्या हातात घेतला. वाकड्या बोटांत तो नीट बसेना. "आई."

"बोल."

"त्या दिवशी मी मोजत होतो. बटण दाबताना. अकरा झाले तेव्हा तू धरलंस."

पलीकडे पोरीचं रडणं थांबलं होतं. कुणीतरी दार लावलं. त्याने स्क्रीन बघितली, सेकंद पुढे जात होते.

"मी पण मोजायचे," आई म्हणाली. "लग्न झालं तेव्हा."